गावात घर बांधताय? बांधकाम परवानगी अशी काढा

विदर्भातल्या कोणत्याही खेड्यात घर बांधायला काढा, पारावरचा पहिला सल्ला ठरलेला असतो: “काहाले लागते परवानगी? आपल्याच बापाची जागा हाय ना!” सल्ला देणाऱ्याचं स्वतःचं घर बहुतेक चाळीस वर्षांपूर्वी मातीच्या भिंतींवर उभं राहिलेलं असतं. तेव्हा बँकेचं कर्ज नव्हतं, रस्ता मोजायला कोणी येत नव्हतं आणि भावाभावांत वाटणीचा दावा लागला तरी घराचा नकाशा कोर्टात मागितला जात नव्हता. आता कॉलम उभे करून स्लॅब टाकायचा म्हणजे लाखांचा खर्च. एक तक्रार गेली की नोटीस येते, आणि मिस्त्री दुसऱ्या कामावर निघून जातो.

वर्धा जिल्ह्यात मी घर बांधलं, तेव्हापासून ओळखीपाळखीचे लोक आपापली फाईल घेऊन माझ्याकडे येतात. त्या फाईली पाहून एक गोष्ट पक्की कळली. नकाशा, अर्ज, शुल्क यांत माणूस फारसा अडत नाही. तो अडतो जागेच्या प्रकारावर. म्हणून पहिल्या पायरीवर जास्त वेळ घालवणार आहे, तुम्हीही घाला.

आणखी एक, वेळेचं. कापूस-सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आसपास हातात येतो आणि पाऊस पडायच्या आत स्लॅब व्हावा असं प्रत्येकाला वाटतं. त्यामुळे दिवाळीनंतर ग्रामपंचायतीत, भूमी अभिलेखात, इंजिनिअरकडे सगळीकडे एकदम गर्दी होते. पोळा फुटला की कागदाला लागा. वावरातली कामंही तेव्हा जरा ढिली असतात.

१. जागा कोणत्या प्रकारची आहे ते आधी ओळखा

*आबादी म्हणजे गावठाण.* गावातल्या जुन्या घरांची जागा इथे मोडते. भूमी अभिलेख कार्यालयाने गावठाणाचं नगर भूमापन केलं असेल तर आखीव पत्रिका, म्हणजे जागेच्या हक्काचा उतारा मिळतो. २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन अनेक गावांत नव्याने मिळकत पत्रिका आणि सनदा तयार झाल्या आहेत. तुमच्या गावाची झाली का, हे तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात विचारा. झाली असेल तर पत्रिकेवर नाव कोणाचं लागलंय आणि क्षेत्र किती धरलंय ते लगेच पाहा. आजोबांचं नाव असेल तर वारसान नोंद करून घ्यावी लागेल, आणि तिला वेळ लागतो.

पत्रिका झाली नसेल तर हातात उरतो तो ग्रामपंचायतीचा नमुना ८. इथे नीट थांबा. नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे. कर कोण भरतो ते ती सांगते, मालकी सिद्ध करत नाही. उताऱ्यावर मालकाचा रकाना वेगळा असतो आणि भोगवटा करणाऱ्याचा वेगळा. अनेक उताऱ्यांवर भोगवटादार म्हणून घरमालकाचं नाव असतं आणि मालकाच्या रकान्यात ‘शासन’ लिहिलेलं असतं. वर्षानुवर्षं टॅक्स भरलेल्या माणसाला हे ठाऊकही नसतं, कारण उतारा घेतला की तो सरळ रकमेकडे पाहतो. तुम्ही दोन्ही रकाने वाचा. त्याखाली लांबी-रुंदी आणि चतुःसीमा असते: पूर्वेस रस्ता, पश्चिमेस अमक्याचं घर, असं. प्रत्यक्ष जागेवर उभं राहून ती जुळवा. पश्चिमेचा शेजारी वारलेला असतो, त्याचं घर विकलेलं असतं आणि उतारा जुनाच असतो.

नागपूरकडच्या जुन्या मालगुजारी गावांत कागद विशेष तुटपुंजे सापडतात. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे तिकडची जमीनदारी गेली, आबादीतली माणसं राहत्या जागी राहिली, पण प्रत्येकाच्या नावाचा वेगळा कागद झालाच असं नाही. वऱ्हाडात रयतवारी, म्हणजे शेतकऱ्याचा थेट सरकारशी सारा, असल्याने तिकडची दप्तरं वेगळ्या वळणाची. म्हणूनच अमरावतीकडचा नातेवाईक ‘गट नंबर’ म्हणतो आणि नागपूर-भंडाऱ्याकडचा ‘मौजा, प.ह.नं. (पटवारी हलका नंबर), खसरा नंबर’ लिहायला सांगतो. अर्जात तुमच्या सातबाऱ्यावर जे छापलंय तेच लिहा.

*ले-आउटमधला प्लॉट.* गावाला लागून असलेल्या वावरात चुन्याच्या रेघा मारून, कोपऱ्यात सिमेंटचे खुंट गाडून प्लॉट विकले जातात. विकणारा म्हणतो, “एनए (अकृषक) होऊन जाते, फाईल टाकली आहे.” फाईल टाकली आहे म्हणजे काहीच झालेलं नाही. मागायच्या तीन गोष्टी: अकृषक आदेश किंवा सनद, मंजूर ले-आउट नकाशा आणि तुमच्या नावाचं नोंदणीकृत खरेदीखत. स्टॅम्पवर नोटरी केलेला करारनामा म्हणजे खरेदी नव्हे. त्यावर ग्रामपंचायतीने टॅक्सची पावती फाडून दिली तरी नव्हे. ले-आउटच्या नकाशात मोकळी जागा आणि रस्ते दाखवलेले असतात. तुमचा प्लॉट त्या मोकळ्या जागेतलाच तर नाही ना, तेही पाहा. असे प्लॉट सर्रास विकले गेले आहेत.

*स्वतःचं शेत.* शेतात घर म्हणजे बिगरशेती वापराचा प्रश्न. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनींसाठी महसूल कायद्यात वेगळी सवलत दिलेली आहे, पण अकृषक परवानगी, सनद आणि अधिमूल्य (त्यासाठी सरकारला भरायची रक्कम) यांचे नियम गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलले. शेजाऱ्याने तीन वर्षांपूर्वी काय केलं ते कामाचं नाही. तहसील कार्यालयात जाऊन आजचा नियम आणि आजची रक्कम लेखी घ्या.

*सरकारी जमीन.* हा भाग विदर्भासाठी सगळ्यात महत्त्वाचा. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाण्याकडे ‘ई-क्लास’ म्हणतात ती गुरचरणाची जमीन. पूर्वेकडे निस्तार हक्काची, म्हणजे गावाच्या चराई-सरपणासारख्या सामाईक गरजांची जमीन असते आणि त्याहून नाजूक म्हणजे झुडपी जंगल. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत झुडपी जंगल नावाने नोंदलेल्या जमिनी आहेत. डोळ्यांनी पाहिलं तर तिथे माळरान असतं, चार बोरी-बाभळी, कधीकधी अख्खी वस्ती आणि शाळाही. पण २२ मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी वनजमीनच आहेत असं सांगितलं. १२ डिसेंबर १९९६ पूर्वीच्या वाटपांसाठी राज्याने केंद्राची मंजुरी घ्यायची, असा मार्ग त्यात आहे. तो शासनाने चालायचा रस्ता आहे. तुम्ही मात्र सातबाऱ्यावर ‘झुडपी जंगल’ असा शेरा दिसला तर तिथे नवीन बांधकाम काढू नका, ग्रामपंचायतीने तोंडी हो म्हटलं तरी.

सरकारी जागेवरच्या जुन्या घरांसाठी १ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणं नियमित करण्याचं धोरण आहे. तो वेगळा अर्ज, वेगळी समिती. बांधकाम परवानगीच्या अर्जात ते मिसळू नका. आणि घरात कोणाला निवडणूक लढवायची हौस असेल तर हेही ऐकून ठेवा: शासकीय किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण असलं तर ग्रामपंचायत सदस्यत्व रद्द होतं. अतिक्रमणाच्या अर्ध्या तक्रारी निवडणुकीच्या तोंडावर का निघतात, ते यावरून समजेल.

*अटी असलेली जमीन.* सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ (सरकारने अटींवर दिलेली जमीन) असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय व्यवहार होत नाही. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीने घेतली असेल तर अशा विक्रीवर बंधन घालणारं महसूल संहितेचं कलम ३६-अ आडवं येतं. भूदानात मिळालेली जमीन विदर्भात बरीच आहे, तीही विकत घेता येत नाही. वणी, राजुरा, भद्रावतीकडे कोळशाच्या पट्ट्यात घर बांधत असाल तर ती जमीन कोळसा धारक क्षेत्र अधिनियमाखाली अधिसूचित झाली आहे का ते तहसीलमधून काढा.

२. अर्ज कोणाच्या दारात द्यायचा

गावठाणातल्या राहत्या घरासाठी ग्रामपंचायत. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम ५२ सांगतं की पंचायतीच्या परवानगीशिवाय गावात इमारत बांधता किंवा पुन्हा बांधता येत नाही. ‘पुन्हा’ वर लक्ष द्या. जुनं कवेलूचं घर पाडून त्याच जागी स्लॅबचं बांधणं यातच येतं.

डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली आली आणि त्यापाठोपाठ ग्रामविकास विभागाने खेड्यांसाठी पद्धत सोपी केली. ती थोडक्यात अशी:

- १५० चौरस मीटरपर्यंतचा भूखंड (साधारण १६०० चौरस फूट): परवानगीची वाट पाहायची नाही. मालकीचे कागद, मोजणी किंवा ले-आउट नकाशा, घराचा नकाशा आणि तो नियमाप्रमाणे असल्याचं परवानाधारक इंजिनिअर किंवा आर्किटेक्टचं प्रमाणपत्र ग्रामपंचायतीत द्यायचं, शुल्क भरायचं आणि काम सुरू करायचं.
- १५० ते ३०० चौरस मीटर (साधारण ३२०० चौरस फुटांपर्यंत): कागद तेच. ग्रामपंचायत १० दिवसांत शुल्क कळवते, आणि ते भरल्यावर १० दिवसांत परवानगीचं प्रमाणपत्र देते. नगररचनाकाराकडे जावं लागत नाही.
- त्याहून मोठा भूखंड: नगररचना विभागाची तपासणी लागते.

यातला सापळा असा की हे आकडे भूखंडाचे आहेत, बांधकामाचे नाहीत. ४० बाय ५० चा प्लॉट म्हणजे २००० चौरस फूट. त्यावर तुम्ही फक्त ८०० फुटांचं घर बांधत असलात तरी तुम्ही दुसऱ्या गटात. आणि पहिल्या गटातसुद्धा ‘परवानगी लागत नाही’ याचा अर्थ ‘कागद द्यावे लागत नाहीत’ असा लोक काढतात, तो चूक आहे. कागद दिल्याची पोच हीच तिथे तुमची परवानगी.

गावठाणाबाहेर असाल तर प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम १८ खाली जिल्हाधिकारी परवानगी देतात. अर्ज नगररचना कार्यालयाकडून तपासून येतो. नागपूरभोवतीच्या ७१९ गावांत (हिंगणा, कामठी, मौदा, उमरेड, कुही, सावनेर, कळमेश्वर, पारशिवनी आणि नागपूर ग्रामीण तालुक्यांतली) नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची परवानगी लागते. तिथे सरपंचाचा ना-हरकत दाखला घेऊन बांधलेले मजले पाडायच्या नोटिसा निघाल्या आहेत. आणि बऱ्याच तालुक्यांच्या गावी आता नगरपंचायत आहे, तिथे अर्ज मुख्याधिकाऱ्यांकडे जातो.

ताडोबा, पेंच, मेळघाट, बोर, नवेगाव-नागझिरा यांच्या आजूबाजूच्या गावांत पर्यावरण संवेदनशील क्षेत्राची हद्द लागते का ते वनविभागाकडून लेखी घ्या. राहत्या घराच्या नावाने परवानगी काढून होम-स्टे चालवायचा बेत असेल तर तो आताच उघड सांगितलेला बरा, कारण वापर बदलला की परवानगी कामाची राहत नाही.

३. कागद जमवा

- आखीव पत्रिका किंवा मिळकत पत्रिका किंवा सातबारा. अलीकडचा, डिजिटल सहीचा
- नमुना ८ चा उतारा
- खरेदीखत, वाटणीपत्र किंवा वारसान फेरफार, जे लागू असेल ते
- ग्रामपंचायतीचा येणे बाकी नसल्याचा दाखला
- मोजणी नकाशा
- घराचा नकाशा आणि इंजिनिअरचं प्रमाणपत्र
- आधार कार्ड
- सहहिस्सेदारांचं संमतीपत्र
- जागेनुसार ना-हरकत दाखले

नमुना ८ चा उतारा आणि येणे बाकी नसल्याचा दाखला लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली अधिसूचित सेवा आहेत. ‘आपले सरकार’ वरून किंवा गावातल्या सेवा केंद्रातून अर्ज करा, मुदत आपोआप सुरू होते. मात्र घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी आधी भरा. “भाऊ, पह्यले टॅक्स भरा, मंग पाहू” हे वाक्य ऐकायची वेळ येऊ देऊ नका, कारण ते वाक्य एकदा आलं की फाईल बाजूला पडते.

संमतीपत्राबद्दल दोन शब्द जास्त. वडिलोपार्जित जागेवर एक भाऊ घर बांधतो, बाकीचे पुण्या-नागपुरात असतात, बहिणी सासरी. तोंडी सगळ्यांची हो असते. पण मिळकत पत्रिकेवर नावं सगळ्यांची असली की सह्याही सगळ्यांच्या लागतात, बहिणींच्यासुद्धा. हे काम दिवाळीला किंवा घरच्या लग्नकार्यात उरका, सगळे एका जागी सापडतात. कोऱ्या कागदावर सह्या घेऊन ठेवू नका. कोणत्या भागावर, किती फुटांचं बांधकाम आणि ते कोणाच्या खर्चाने, एवढं संमतीपत्रात स्पष्ट लिहा. पुढे वाटणी होईल तेव्हा हाच कागद भांडण वाचवतो.

४. मोजणी करून घ्या

नमुना ८ वर ‘३० × ५०’ लिहिलेलं असतं आणि टेप लावला की २८ भरतात. दोन फूट शेजाऱ्याच्या भिंतीत गेलेले किंवा रस्त्यात. कोणत्या बाजूला गेले हे मोजणीशिवाय ठरत नाही, आणि ठरण्याआधी पाया खोदला तर ते शेजारी ठरवतो.

अर्ज ई-मोजणीवर ऑनलाइन होतो. नियमित आणि द्रुतगती असे दोन प्रकार आहेत, फी त्याप्रमाणे. मोजणीच्या दिवशी लगतच्या खातेदारांना नोटीस गेलेली असते. तरी आदल्या संध्याकाळी स्वतः जाऊन सांगा. नोटीस मिळालेला माणूस चिडलेला असतो, सांगितलेला माणूस खुर्ची टाकून बसतो. मोजणी झाली की खुणांवर दगड किंवा लोखंडी गज रोवून मोबाइलवर फोटो काढा. नकाशाची ‘क’ प्रत मिळाल्याशिवाय काम पूर्ण झालं समजू नका, भूकरमापकाने हाताने काढून दिलेलं चिटोरं कुठेच चालत नाही.

५. नकाशा

तालुक्याच्या ठिकाणी परवानाधारक इंजिनिअर असतात. त्यांचा परवाना क्रमांक नकाशावर असायलाच हवा. मिस्त्रीने वहीच्या पानावर काढलेला नकाशा घर बांधायला चालतो, परवानगीला चालत नाही.

इंजिनिअरला घरी बोलवा आणि जागा दाखवा. ऑफिसात बसून, जुना नकाशा उघडून, नाव बदलून दिलेले नकाशे बरेच फिरतात. त्यांच्यावर उत्तर दिशेचा बाणसुद्धा चुकलेला असतो. नकाशात या गोष्टी पाहा: चतुःसीमा, समोरच्या रस्त्याची रुंदी, चारही बाजूंनी सोडलेलं अंतर, शौचालय आणि शोषखड्डा, सांडपाण्याची दिशा, विहीर किंवा बोअर, आणि जिना कुठे पडतो. जिना आणि छज्जा रस्त्यावर येतो हे खेड्यातलं सर्वांत नेहमीचं उल्लंघन. रस्त्यावरचं अतिक्रमण काढण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला कलम ५३ खाली आहेच.

काळ्या कपाशीच्या मातीत पाया किती खोल जाईल ते इंजिनिअरकडून लिहून घ्या. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि मुरूम लागेपर्यंत खाली न गेलेल्या पायावरच्या भिंतींना दोन-तीन पावसाळ्यांत तिरप्या चिरा पडतात. परवानगीशी याचा थेट संबंध नाही, पण नकाशावर सही करणारा माणूस समोर आहे तेव्हाच विचारून घ्यावं.

दुसऱ्या मजल्याचा विचार मनात असेल तर तो आताच नकाशात दाखवा. मागाहून वाढवायला नवीन अर्ज लागतो.

६. ना-हरकत दाखले

सगळ्यांना लागत नाहीत. घर राज्य महामार्गाला किंवा जिल्हा मार्गाला लागून असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाची इमारत रेषा, म्हणजे रस्त्यापासून किती अंतर सोडून बांधायचं ते विचारा. रेल्वेच्या हद्दीपासून ३० मीटरच्या आत असाल तर रेल्वेचा दाखला. डोक्यावरून उच्चदाबाची तार जात असेल तर महावितरण. वर्धा, वैनगंगा, पैनगंगा, पूर्णा किंवा एखाद्या मोठ्या नाल्याच्या काठी असाल तर पाटबंधारे विभागाने आखलेली पूररेषा: निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकामाला बंदी असते, निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात अटींवर परवानगी मिळते. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची.

७. अर्ज द्या आणि पोच घ्या

अर्ज सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांच्या नावे करा. सरकारने २०२४ मध्ये ग्रामसेवकाला ‘ग्रामपंचायत अधिकारी’ आणि तलाठ्याला ‘ग्राम महसूल अधिकारी’ केलं आहे. पत्रात नवं पदनाम लिहा. गावात आपण ग्रामसेवक-पटवारीच म्हणणार, त्याला कोणी काही करू शकत नाही.

भाषा साधी ठेवा. नमुना असा:

“मौजा ……, ता. ……, जि. …… येथील मिळकत क्र. …… (क्षेत्र …… चौ. मी.) माझ्या मालकीची असून त्यावर सोबतच्या नकाशाप्रमाणे तळमजल्याचे राहते घर बांधावयाचे आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम कलम ५२ अन्वये परवानगी मिळावी, ही विनंती. सोबत कागदपत्रांची यादी.”

दोन संच न्या. एक द्यायचा, दुसऱ्यावर आवक क्रमांक, तारीख, सही आणि शिक्का घ्यायचा. “साहेब आले की देतो शिक्का” म्हणून अर्ज ठेवून घेतला तर अर्ज दिलाच नाही असं समजा. परत घ्या, दुसऱ्या दिवशी या. ग्रामसेवकाकडे दोन-तीन गावं असतात, त्याचा या गावचा वार कोणता ते आधी विचारून जा. तरीही शिक्का मिळत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा.

मुदतीत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं मानण्याची तरतूद कायद्यात आहे. तिच्या जोरावर पाया खोदायची घाई करू नका. नियमाविरुद्धचं बांधकाम तिच्याने नियमित होत नाही आणि मोजायला सुरुवात कुठून करायची हे पोच नसेल तर सांगताच येत नाही.

८. मासिक सभा आणि हरकती

अर्ज मासिक सभेपुढे जातो, ठराव होतो. सभेच्या चार-पाच दिवस आधी अर्ज विषयपत्रिकेत आला का ते पाहा, नाहीतर महिना गेला. ठरावाचा क्रमांक आणि तारीख परवानगीवर असली पाहिजे. नुसतं सरपंचाच्या लेटरहेडवरचं पत्र म्हणजे परवानगी नाही, बँक तर ते पाहूनच परत करते.

शेजाऱ्याने हरकत घेतली तर ती लेखी मागा. तोंडी हरकतीवर फाईल थांबवता येत नाही. बहुतेक हरकती खिडकी, सांडपाणी किंवा सामाईक भिंतीच्या असतात, आणि मोजणीची ‘क’ प्रत समोर ठेवली की निम्म्या तिथेच मिटतात. मालकीचाच वाद असेल तर ग्रामपंचायत त्याचा निवाडा करू शकत नाही, त्यासाठी दिवाणी न्यायालय आहे.

नकार मिळाला तर कारणासह लेखी घ्या आणि ते कारण घेऊन पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडे जा. उत्तरच मिळत नसेल तर माहिती अधिकारात विचारा: माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली? १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अनेकदा उत्तराच्या आधी परवानगीच येते.

९. शुल्क

विकास शुल्क आणि बांधकाम कामगार कल्याणाचा १ टक्का उपकर. स्वतःच्या राहत्या लहान घराला उपकरातून सूट असते, खर्चाची मर्यादा ग्रामपंचायतीत विचारून घ्या. भरलेल्या प्रत्येक रुपयाची छापील पावती घ्या. पावती न मिळणारं ‘शुल्क’ कोणी मागितलं तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४ आहे.

१०. काम सुरू झाल्यावर

परवानगीची मुदत सुरुवातीला एक वर्षाची असते. पैशाअभावी घर अर्धं राहिलं तर मुदत संपायच्या आत वाढवून घ्या. परवानगीची आणि नकाशाची एक प्रत प्लास्टिकमध्ये घालून बांधकामावरच ठेवा, तक्रारीवरून कोणी पाहायला आलं की तिथल्या तिथे दाखवता येते.

जोतं झालं की थांबा आणि नकाशाशी ताडून पाहा. मिस्त्री दोरी लावताना “एक फूट इकडे सरकवलं तं खोली मोठी होते” असं म्हणतोच. खोली मोठी होते आणि बाजूचं अंतर संपतं. भिंती उभ्या राहिल्यावर ते दुरुस्त होत नाही.

रेती, गिट्टी, मुरमाच्या ट्रॅक्टरची वाहतूक पावती ड्रायव्हरकडून तिथेच मागून घ्या. दारात रेतीचा ढीग दिसला की महसूलचे लोक विचारतात, आणि तेव्हा ट्रॅक्टरवाला फोन उचलत नाही.

घरकुल मंजूर असलेल्यांसाठी: हप्ते कामाच्या टप्प्याच्या फोटोवर मिळतात आणि फोटोला जागेचं ठिकाण जोडलेलं असतं. मंजूर जागा सोडून शेजारच्या प्लॉटवर बांधलं तर हप्ता अडकतो. जागा बदलायची असेल तर पहिल्या फोटोआधी पंचायत समितीत कळवा.

११. घर पूर्ण झाल्यावर

इंजिनिअरकडून काम पूर्ण झाल्याचा दाखला घ्या आणि तो जोडून ग्रामपंचायतीकडे भोगवटा प्रमाणपत्र मागा. खेड्यात हे कोणी मागत नाही, म्हणून कोणी काढत नाही. पण घर विकताना किंवा त्यावर कर्ज काढताना बँकेचा वकील नेमका तोच कागद विचारतो.

मग नमुना ८ मध्ये नव्या बांधकामाची नोंद. जुन्या नोंदीत ‘मातीचे घर, कवेलू’ असं असतं, ते ‘आर.सी.सी.’ होतं आणि कर वाढतो. कर भांडवली मूल्यावर लागतो, त्यामुळे मोजमाप घ्यायला आलेल्या कर्मचाऱ्यासोबत स्वतः टेप धरा. ओटा, अंगण आणि गोठा घराच्या क्षेत्रात धरले तर तिथेच आक्षेप नोंदवा, यादी अंतिम झाली की वर्षभर थांबावं लागतं. पत्नीचं नाव सहमालक म्हणून लावायचं असेल तर तेही याच वेळी, त्याच अर्जात.

महावितरणच्या कायम मीटरसाठी नवा नमुना ८ आणि परवानगीची प्रत लागते. बांधकामासाठी घेतलेलं तात्पुरतं मीटर वेगळ्या दराने चालतं, ते बंद करण्याचा अर्ज त्याच दिवशी द्या.